दागिना कुणाचा, ठसा कुणाचा?

दुपारची भांडी झाली असतील. कुणी तांदूळ निवडत असेल, कुणाच्या पुढ्यात घुंगरांचं ताट असेल. काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आधी एक गोष्ट करा. पायातलं पैंजण काढा, नाहीतर घरातला चांदीचा करदोटा हातात घ्या. उलटा करून फाशाजवळ बघा. तिथं बारीक अक्षरं उठवलेली दिसतील. कधी दोन अक्षरं, कधी अक्षरांबरोबर टंचाचा आकडा. ती अक्षरं बहुतेक करून पेढीची असतात. ज्या बाईनं घरात बसून त्या कड्या जुळवल्या, घुंगरू लावले, डाग दिला, तिचं नाव तिथं नसतं. असावं असं आपल्या कधी मनातही येत नाही.

आमच्या मनात ते आलं त्याला एक कारण घडलं. आमच्या गटातल्या सात-आठ जणी पैंजणाचं काम घरी आणून करतात. माल व्यापाऱ्याचा, हत्यारं आपली, मजुरी वजनावर. त्यातल्या एका ताईनं मागच्या दिवाळीआधी हौसेनं एक जोड वेगळा जुळवला. ज्वारीचं कणीस भरताना दाणे कसे एकाला एक चिकटून बसतात, तसे तिनं बारीक मणी तीन-तीनच्या पुंजक्यात बसवले आणि मधे एक चपटं पान घातलं. एवढंच केलं, पण पैंजण उचलून दिसायला लागलं. माल न्यायला आलेल्या माणसानं ते पाहिलं आणि "नमुना म्हणून नेतो" म्हणाला. दोन महिन्यांनी आम्ही तालुक्याला बाजाराला गेलो, तर एका दुकानाच्या काचेत तेच पैंजण ओळीनं मांडलेलं. ताई काचेला नाक लावून बघत राहिली. मग हसून म्हणाली, "अगं, माझं कणीस बाजार फिरून आलं की! मला सांगून तरी जायचं."

तिला त्या कल्पनेचे किती मिळाले? एका जोडाची मजुरी. वजनावर.

रात्री गटाच्या बैठकीत पुष्कळ बोलणं झालं. कुणी म्हणाली, भांडायला जाऊ. पण भांडणार कशाच्या जोरावर? आमच्याकडे त्या पैंजणाचं चित्र नव्हतं, तारीख नव्हती, कागद नव्हता. त्याच महिन्यात एका प्रशिक्षणाला गेले असताना मला पडद्यावर काही दागिन्यांची चित्रं बघायला मिळाली. दागिने मेक्सिको देशातल्या टास्को नावाच्या गावचे. आपल्यापासून हे गाव पार पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. पण त्याची हकीकत वाचत गेले, तशी मला आमच्या ताईचं पैंजण आठवत राहिलं. तीच हकीकत आज सांगायची आहे.

टास्को हे डोंगराच्या उतारावर वसलेलं गाव. चढउताराच्या अरुंद गल्ल्या, पांढऱ्या भिंती, लाल कौलं. आसपासच्या डोंगरात चांदी. स्पेनच्या लोकांनी १५०० नंतरच्या शतकात मेक्सिको जिंकला आणि तेव्हापासून तिथल्या खाणी चालू झाल्या. पुढं अठराव्या शतकात होसे दे ला बोर्दा नावाचा खाणमालक इतका श्रीमंत झाला, की त्यानं गावात सांता प्रिस्का नावाचं मोठं देखणं चर्च बांधून दिलं. ते आजही उभं आहे.

पण गंमत बघा. चारशे वर्षं चांदी निघाली आणि गावाबाहेर गेली. गावात मजूर राहिले, दागिन्यांचा मोठा धंदा उभा राहिला नाही. ऊस आपल्या रानात आणि साखरेचा पैसा भलतीकडे, हे आपल्याला काही नवीन नाही.

१९२९ मध्ये विल्यम स्प्रॅटलिंग नावाचा एक अमेरिकन माणूस या गावात राहायला आला. हा सोनार नव्हता. इमारतींचे आराखडे कसे करायचे हे तो अमेरिकेत कॉलेजात शिकवायचा. चित्रं काढायचा, लिहायचा. त्या काळी अमेरिकेचे मेक्सिकोतले राजदूत ड्वाइट मॉरो होते. बोलता बोलता त्यांनी त्याला सुचवलं, की एवढी चांदी या गावातून गेली, पण गावाला तिचा काही उपयोग झाला नाही. ती गोष्ट स्प्रॅटलिंगच्या मनात बसली. १९३१ मध्ये त्यानं टास्कोत छोटी कर्मशाळा काढली.

आता नीट ऐका. त्याला चित्र काढता येत होतं, पण चांदी गाळता येत नव्हती, डाग देता येत नव्हता. म्हणून त्यानं जवळच्या इग्वाला गावातून एक सोनार आणला. त्या सोनाराचं नाव आर्तेमिओ नावार्रेते. स्प्रॅटलिंग कागदावर काढायचा, नावार्रेते धातूत उतरवायचा. आज जगभर स्प्रॅटलिंगला टास्कोच्या चांदीचा जनक म्हणतात. संग्रहालयांत त्याचे दागिने ठेवलेत आणि त्यावर त्याच्या नावाच्या आद्याक्षरांचा ठसा आहे. नावार्रेतेचं नाव अभ्यास करणाऱ्यांनाच ठाऊक. चित्र एकाचं, हात दुसऱ्याचे, आणि ठसा मात्र चित्रवाल्याचा. आपल्याकडे तर आणखी पुढची गत. आमच्या ताईचं चित्रही तिचंच होतं, हातही तिचेच होते, आणि ठसा तिसऱ्याचाच पडला.

या दागिन्यांना मॉडर्निस्ट दागिने म्हणतात. म्हणजे आधुनिक वळणाचे. शब्द मोठा आहे, अर्थ साधा आहे. विसाव्या शतकात जगभरातले चित्रकार, घरं बांधणारे, फर्निचर करणारे म्हणायला लागले, की नक्षीवर नक्षी, खड्यावर खडा असा बुजबुजाट कशाला? आकार मोकळा दिसू दे. धातूची लकाकी तीच शोभा. दागिन्याची किंमत नुसत्या वजनावर आणि खड्यावर ठरू नये, त्यातल्या कल्पनेलाही मोल असावं. हे वळण युरोपात होतं, अमेरिकेत होतं. टास्कोचं वेगळेपण असं, की त्यांनी आधुनिक साधेपणा घेतला आणि त्यात आकार मात्र आपल्या मातीतले घातले.

मेक्सिकोत स्पेनचे लोक यायच्या आधीची फार जुनी संस्कृती आहे. त्या लोकांच्या मातीच्या ठशांवर, दगडावर कोरलेले साप, जाग्वार म्हणजे तिथला वाघ, पक्षी, वळणदार रेषा, ठिपके असायचे. स्प्रॅटलिंगनं ते आकार घेतले, त्यातली बारीक नक्षी काढून टाकली आणि मोठे, ठसठशीत केले. चांदीबरोबर त्यानं शिसवीसारखं गडद लाकूड वापरलं, जांभळा ॲमेथिस्ट खडा वापरला. हिरे-माणकं नाहीत. तरीही बाईच्या हातात ते कडं असलं, की लांबून नजरेत भरायचं.

आणि मैत्रिणींनो, हे आपल्याला नवं वाटायचं कारण नाही. आपल्या दागिन्यांची नावं आठवून बघा. बोरमाळ. जोंधळी मणी. गहू तोडे. तांदळी पोत. कुणीतरी एका काळी बोराकडे बघितलं, जोंधळ्याच्या दाण्याकडे बघितलं, आणि सोन्यात तो दाणा केला. त्यानं परदेशी चित्र नक्कल केलं नाही, आपलं शेत बघितलं. ती माणसं कोण होती, कुणाला माहीत नाही. आमच्या ताईनं कणीस केलं तेव्हा तिनं तेच केलं, जे तिच्या खापरपणजीच्या काळातल्या सोनारानं केलं होतं. डिझाइन म्हणजे कॉलेजात शिकलेल्यांचं काम, आपण फक्त जुळवायचं, हा समज आधी डोक्यातून काढायला हवा.

टास्कोकडे परत येऊ. त्या कर्मशाळेत गावातली मुलं कामाला यायची. सुरुवातीला झाडलोट, पाणी भरणं, हत्यारं हातात देणं. मग हळूहळू मोठ्या कारागिराच्या शेजारी बसून शिकायचं. चांदी मुशीत वितळवणं, पत्रा काढणं, बारीक करवतीनं आकार कापणं, खळग्याच्या ठोकळ्यावर ठोकून गोलाई देणं, सवागी लावून डाग देणं, रेतीनं घासणं, खोलगट जागा काळसर ठेवून उंचवटा चमकवणं. असा एकेक टप्पा शिकत मुलगा कारागीर व्हायचा, आणि कारागिरातला एखादा पुढं उस्ताद व्हायचा.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगते. आपल्याकडे काम तुकड्या-तुकड्यानं येतं. एकीकडे कड्या, दुसरीकडे घुंगरू, तिसरीकडे पॉलिश. वीस वर्षं घुंगरू लावणाऱ्या बाईला अख्खं पैंजण करता येतंच असं नाही. तिला दोष नाही, तिच्यापर्यंत कामच तेवढं येतं. पण त्यामुळं काय होतं, की माल यायचा थांबला की ती रिकामी. तिच्या हातात कसब आहे, पण त्या कसबातून बाजारात नेण्याजोगी एक वस्तू उभी राहत नाही. टास्कोच्या मुलांना अख्खा दागिना करता यायला लागला. त्याचा उपयोग पुढं कसा झाला, ते बघा.

दुसरं महायुद्ध सुरू झालं. युरोपातून अमेरिकेत येणारा दागिन्यांचा माल बंद पडला. मोठमोठ्या अमेरिकन दुकानांनी टास्कोकडे मोर्चा वळवला. स्प्रॅटलिंगच्या कर्मशाळेत शेकडो माणसं कामाला लागली. मागणी वाढली, तसं भांडवल लागलं. भांडवलासाठी कंपनी झाली, शेअर विकले गेले, आणि निम्म्याहून जास्त हिस्सा एका अमेरिकन गुंतवणूकदाराच्या हातात गेला. १९४५ मध्ये स्प्रॅटलिंगच्या हातून त्याचीच कंपनी गेली आणि पुढं थोड्याच दिवसांत ती बुडाली. ज्याच्या नावाचा ठसा जगभर गेला होता, तो माणूस गाव सोडून जवळच्या एका मळ्यावर जाऊन राहिला आणि तिथं त्यानं पुन्हा लहान प्रमाणावर काम सुरू केलं. १९६७ मध्ये मोटार अपघातात तो वारला.

आता प्रश्न असा, की कंपनी बुडाल्यावर टास्को बुडालं का? नाही बुडालं. कारण तोवर तिथं शिकलेल्या माणसांनी आपापल्या कर्मशाळा काढल्या होत्या. एक्तोर आगिलार हा स्प्रॅटलिंगच्या कर्मशाळेचा कारभार बघायचा. त्यानं १९३९ मध्ये स्वतःची कर्मशाळा काढली. कास्तियो घराण्यातल्या भावांनी त्याच वर्षी आपली काढली. अंतोनिओ पिनेदा नावाचा मुलगा लहानपणी तिथं हाताखाली शिकला. गावात मुलांना चित्रकला शिकवणारी एक उघड्यावरची शाळा होती, एक जपानी चित्रकार ती चालवायचा. पिनेदा तिथंही शिकला. पुढं त्यानं स्वतःच्या नावानं दागिने केले. १९४४ मध्ये अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या एका नामांकित दुकानानं त्याचे ऐंशी दागिने घेतले. २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा तो नव्वदीला टेकला होता. पुढच्याच वर्षी तो गेला.

कास्तियो भावांच्या कामातली एक गोष्ट मला फार आवडली. चांदी, तांबं आणि पितळ यांचे तुकडे कापून ते एकमेकांशेजारी असे बेमालूम बसवायचे आणि डागानं सांधायचे, की तिन्ही रंग एका पत्र्यावर दिसतात आणि मधे फट दिसत नाही. त्यांच्या भाषेत या कामाला 'लग्न लागलेले धातू' म्हणतात. चांदी महाग, तांबं-पितळ स्वस्त. म्हणजे कमी चांदीत देखणी वस्तू. कल्पना असली की गरिबीचीसुद्धा शोभा करता येते.

आता एका बाईची गोष्ट. मार्गो नावाची ही बाई अमेरिकेतली. १९३७ मध्ये मेक्सिकोत आली. कास्तियो भावांपैकी अंतोनिओशी तिचं लग्न झालं. ती डिझाइनं काढायची, आणि ती डिझाइनं कास्तियो या नावाखाली विकली जायची. कित्येक वर्षं तिनं असं काम केलं. १९४८ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. आता आपल्याकडे अशा वेळी काय होतं? बाई पिशवी घेऊन माहेरी येते, आणि तिनं त्या घरात केलेलं काम त्या घरातच राहतं. मार्गोनं त्याच गावात, त्याच वर्षी, स्वतःची कर्मशाळा काढली आणि दागिन्यांवर स्वतःचं नाव उठवलं, 'मार्गो दे टास्को'. म्हणजे टास्कोची मार्गो. जन्मानं ती तिथली नव्हती, पण ठशावर तिनं गावाचं नाव घेतलं.

तिची खासियत म्हणजे मिन्याचं काम. मिना म्हणजे रंगीत काचेची पूड. चांदीच्या पत्र्यावर ठसा मारून खोलगट जागा करायच्या. त्यात ती पूड भरायची आणि भट्टीत घालायची. काच वितळते आणि चांदीला धरते. शुद्ध चांदी वितळते साधारण ९६० अंशाला, मिश्र चांदी त्याच्याही आधी, आणि मिना पिकतो त्याच्या थोडा खाली. आच कमी पडली तर रंग खरखरीत राहतो, जास्त झाली तर दागिना वाकतो नाहीतर रंग जळतो. अंदाज सगळा डोळ्यात. मार्गोच्या कर्मशाळेत हे मिना भरायचं काम बायका करायच्या. निळे मासे, हिरवे साप, त्या सापांचं एकेक खवलं वेगळं भरलेलं. आज ते दागिने जमवणारे लोक मोठी किंमत मोजतात. ठसा मार्गोचा. खवलं भरणाऱ्या बायकांची नावं कुठं उठवलेली नाहीत.

म्हणजे बघा, स्वतःच्या नावासाठी उभी राहिलेल्या बाईच्या कर्मशाळेतही दुसऱ्या बायकांची नावं राहून गेली. हे मी मार्गोला नावं ठेवायला सांगत नाही. आपल्या गटाला सांगते. उद्या आपल्या गटाचा ठसा झाला, तर त्याच्यामागच्या हातांची नोंद आपण ठेवणार आहोत का? की अध्यक्षांचा फोटो आणि बाकीच्या मागच्या रांगेत?

पुढं मार्गोचाही धंदा अडचणीत आला आणि १९७० नंतरच्या दशकात बंद पडला. पण तिच्याकडे काम केलेल्या काही कारागिरांनी तिची डिझाइनं पुढं चालू ठेवली. आणि टास्कोत आजही चांदीचं काम चालतं. गल्लोगल्ली दुकानं, शनिवारी चांदीचा बाजार. सगळंच काम उत्तम असतं असं नाही. एकानं काढलेलं डिझाइन दुसऱ्यानं हलक्या मालात उतरवायचं, हे तिथंही झालं. पण चारशे वर्षं नुसती चांदी बाहेर पाठवणाऱ्या गावात आता कसब राहिलं आहे, ते कुठं गेलं नाही. मालक आले आणि गेले, कंपनी झाली आणि बुडाली, हातातलं कसब मात्र राहिलं.

ठशाबद्दल अजून एक. १९४८ पासून मेक्सिको सरकारनं दागिन्यांवर गरुडाचा छोटा ठसा मारायला सुरुवात केली. चांदीचा कस बरोबर आहे याची ती खूण. गरुडाच्या अंगावर एक आकडा असायचा आणि तो आकडा अनेकदा कर्मशाळेचा. म्हणजे आज सत्तर वर्षांनी कुणाला एखादं कडं सापडलं, तरी ते कुठल्या कर्मशाळेत घडलं याचा माग लागू शकतो. आपल्याकडे सोन्याच्या हॉलमार्कवर आता सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. त्यावरून शुद्धता कळते, दागिना कुठल्या सराफाचा ते कळतं. घडवणाऱ्याचं नाव कळत नाही. ते आपलं आपल्यालाच लावून घ्यावं लागणार आहे.

आता आम्ही आमच्या गटात काय ठरवलं, ते सांगते. मोठं काही केलेलं नाही, सुरुवात आहे.

पहिलं, एक वही घातली. गटाच्या हिशेबाच्या वहीशेजारी दुसरी, चित्रांची वही. कुणाला नवीन काही सुचलं की त्यात काढायचं. चित्र चांगलं आलं पाहिजे असं नाही. शेजारी तारीख, नाव, दोन साक्षीदार सह्या. जमलं तर मोबाईलवर फोटो. ही वही म्हणजे कायद्याचं संरक्षण नव्हे, हे ध्यानात ठेवा. पण कल्पना कुणाची आणि कधीची, हे तरी त्यावरून सांगता येईल.

दुसरं, कायदा काय आहे तो समजून घेतला. आपल्या देशात २००० सालचा डिझाइन कायदा आहे. वस्तूचा नवा आकार, नवी नक्षी, नवी मांडणी यांची नोंदणी होते. नोंदणी दहा वर्षांसाठी, आणि पुढं पाच वर्षं वाढवता येते. पण त्यात एक मेख आहे. डिझाइन आधी बाजारात दिसलं, प्रदर्शनात मांडलं, फोनवर चारचौघांना पाठवलं, तर ते नवं राहत नाही आणि नोंदणी अडते. म्हणजे आधी अर्ज, मग बाजार. आमच्या ताईच्या कणसाची वेळ त्यामुळंच निघून गेली. आणि ठुशी, बोरमाळ, कोल्हापुरी साज यांसारखे परंपरेचे आकार कुणा एकाच्या नावावर होत नाहीत. ते सगळ्यांचे आहेत. व्हायलाही नकोत. प्रत्येक चित्राची नोंदणी करायला धावू नका. वर्षातून एखादं खरोखर वेगळं असेल, तर जाणकाराला विचारून करा.

तिसरं, नमुना न्यायचा असेल तर पावती. "नमुना म्हणून नेतो" म्हणणाऱ्याकडून एका ओळीची चिठ्ठी घ्यायची. काय नेलं, कधी नेलं, पसंत पडलं तर जोडामागं कल्पनेचे किती देणार. पहिल्यांदा तो माणूस हसला. म्हणाला, "ताई, तुम्ही तर वकील झालात." आम्ही म्हणालो, हो, चहा घ्या आणि सही करा. सही त्यानं केली. दर वेळी करेल असं नाही.

चौथं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, एकमेकींचं काम शिकणं. आठवड्यातली एक दुपार. कड्यावालीनं घुंगरू शिकायचे, घुंगरूवालीनं डाग शिकायचा. डाग देताना दार-खिडकी उघडी ठेवायची, लेकरांना जवळ बसवायचं नाही. स्वस्तातल्या डागात कॅडमियम असेल तर त्याचा धूर फुप्फुसाला आणि मूत्रपिंडाला वाईट. कुठला डाग आणला ते विचारूनच घ्यायचा. सहा महिन्यांत प्रत्येकीला एक अख्खा जोड एकटीनं उभा करता आला पाहिजे, असं ठरवलं आहे. दोघींना आता येतो. बाकीच्या शिकतायत.

काही जणींनी विचारलं, मग व्यापाऱ्याचं काम सोडायचं का? मुळीच नाही. शाळेची फी, दवाखाना त्या मजुरीवर चालतो. चांदी विकत घेऊन स्वतःचा माल करायचा, तर भांडवल अडकतं, भाव वर-खाली होतो, घासण्या-गाळण्यात घट येते. स्प्रॅटलिंगएवढ्या माणसाची कंपनी भांडवलापायी हातची गेली, तर आपण जपूनच पाऊल टाकायचं. आम्ही गटाच्या बचतीतून थोडी चांदी आणि थोडं पितळ-तांबं घेतलं आहे. कर्ज काढलेलं नाही. पैंजणाऐवजी कानातली आणि अंगठ्या करून बघतोय, म्हणजे धातू कमी आणि कल्पना जास्त. मोडलं तरी धातू परत मुशीत घालता येतो.

आणि ठसा? त्यावर अजून आमचं भांडण चालू आहे. गटाचं नाव घालायचं की गावाचं? अक्षरं किती बसतील? एक म्हातारी सदस्य म्हणाली, "मला लिहिता-वाचता येत नाही, मला अक्षर कशाला? मला एक खूण द्या, माझ्या कपाळावरच्या गोंदणासारखी." सगळ्या हसल्या, पण मला ते पटलं. आता असं चाललंय, की एका बाजूला गटाचा ठसा आणि त्याच्या खाली जिनं केलं तिची बारीक खूण. कुणाचं पान, कुणाचा ठिपका, कुणाची चांदणी. कणीसवाल्या ताईनं कणीसच मागितलं आहे. ते तिला कुणी नाही म्हणालं नाही.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटात एवढं करा. प्रत्येकीनं आपण केलेली एक वस्तू आणायची, मग ती पैंजण असो, गोधडी असो, टोपली असो, नाहीतर पापडाचं पाकीट असो. मधे मांडायची आणि तीनच प्रश्न विचारायचे. कल्पना कुणाची? हात कुणाचे? नाव कुणाचं? तिन्हींची उत्तरं एक आली तर उत्तम. वेगवेगळी आली, तर का, यावर बोला. मग आपल्या केंद्राला कळवा. पुढच्या भागात तुमची उत्तरं वाचून दाखवीन, अर्थात तुमचं नाव घेऊन.